सासूबाईंचं तोंड कुणी बांधलं

प्रिय दादा,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण जाड पाकीट म्हणजे वाईट बातमी असा तुझा लहानपणापासूनचा समज. बाबा ठीक आहेत, दुकान ठीक आहे, मीही ठीक आहे असं म्हणायला हरकत नाही. फोनवर आपण एवढंच तर बोलतो. चार मिनिटं. जेवलीस का, काम आहे का, आणि मग घसा खाकरून तू विचारतोस, त्यांचे डोळे कसे आहेत. बाबांचे म्हणत नाहीस, त्यांचे म्हणतोस. मी म्हणते बरे आहेत. तू म्हणतोस एकदा डॉक्टरला दाखवून घे, मी हो म्हणते, आणि आपण फोन ठेवतो. सहा वर्षं मी हो म्हणतेय आणि सहा वर्षांत एकदाही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलेलं नाही. कारण त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही, दादा. अजून चष्मा न लावता पेपरातली बारीक अक्षरं वाचतात. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी केस कापलेत, ही बातमी परवा त्यांनीच मला दिली.

गेलेत ते हात. गेल्या वर्षी सुरू झालं. आधी कपातला चहा हलायला लागला, ते म्हणाले टेबल हलतंय. टेबलाखाली पुठ्ठा घातला. मग तार हलायला लागली. मोटरीची कॉइल भरताना, म्हणजे वाइंडिंग करताना, केसाएवढी तार खाचेत बसवायची, तिथे अंगठा आणि पहिलं बोट ऐकेना. एक दिवस त्यांनी कात्री माझ्याकडे सरकवली आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. तेव्हापासून ते तोंडाने वाइंडिंग करतात. 'घट्ट घे. आणखी घट्ट. एवढी घट्ट नको, गळा आवळतेस का तिचा.' दिवसभर. गिऱ्हाईक येतं, मला बघतं, मेकॅनिक कुठाय विचारतं. मी म्हणते बसा, येतीलच, आणि मोटर खोलायला घेते. अर्ध्या तासाने त्या माणसाच्या लक्षात येतं. काही जण ओशाळतात, काही जण माझ्या पाठीवरून बाबांनाच विचारत राहतात, किती वेळ लागेल. बाबा म्हणतात मला काय विचारता, मी इथे हवा खायला बसतो.

आपल्या दुकानाची पद्धत तुला सांगायला नको. जळालेली मोटर आली की लगेच छिन्नी लावायची नाही. आधी वही. कॉइल किती, वेढे किती, जोडणी कशी, काळं कुठे, चांगलं कुठे, सगळं उतरवून घ्यायचं आणि मगच तोडायचं. एकदा तोडलं की विचारायला काही उरत नाही. आज मीही तसंच लिहिणार आहे. तुला ठाऊक आहे तेही लिहीन. सुताराला रंधा दाखवतेय असं वाटलं तर वाटू दे, पण मधलं पान गाळून पुढे जाऊ नकोस. तुला ती खोड आहे.

बर्फाच्या कारखान्यातली ती पन्नास हॉर्सपॉवरची मोटर. हिरवी, पोट सुटलेली, कॉम्प्रेसर ओढणारी. तू तिथे कामाला होतास तेव्हा स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या बेअरिंगवर टेकवायचास, मूठ कानाला लावायचास आणि डोळे मिटून ऐकायचास. बर्फवाल्या बाई म्हणायच्या, हा काय नाडी बघतो का तिची. तू म्हणायचास हो, आणि तुमच्यापेक्षा तिची तब्येत बरी आहे. कारखान्याच्या मालकीणबाईंना असं तोंडावर बोलणारा तू एकटाच होतास, आणि तुझंच त्या ऐकून घ्यायच्या. मला त्या जागेचं फार वेड होतं. खाऱ्या पाण्याची ती मोठी टाकी, वर लाकडी झाकणं, झाकणांवरून अनवाणी चालणारी माणसं, खाली साडेतीनशे डब्यांत हळूहळू पांढरं होत जाणारं पाणी. पण मला आत सोडायचे नाहीत. मुलीने दुकानात बसून कॉइल भरावी, जागेवर जाऊ नये, विजेच्या पॅनेलला हात तर नाहीच नाही, असा बाबांचा नियम. तू एकदा माझी बाजू घेतलीस तेव्हा ते म्हणाले, तू गप्प बस, तुला दोन शॉक बसलेत तेवढे घराला पुरे आहेत.

आणि त्या पॅनेलमधली ती करडी डबी. कारखान्यात तिला सगळे सासूबाई म्हणायचे. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण चपखल होतं. तीन वायरींतून वीज येते. एक गेली तर उभी मोटर सुरूच होत नाही, नुसती घुमते, आणि माणूस सावध होतो. चालती मोटर मात्र थांबत नाही, गोची तिथेच आहे. ती उरलेल्या दोन वायरींवर रेटत राहते, आवाज जड होतो, आतून तापते, आणि पाच-दहा मिनिटांत वाइंडिंगचा कोळसा. मोटर तापली की बंद करणारे दुसरे रिले असतात, पण ते सावकाश जागे होतात. सासूबाईंचं काम एकच, तिन्हींवर डोळा ठेवायचा. एकीनेही मान टाकली की लगेच मोटर बंद. सगळं ठीक दिसत असतानाही अधूनमधून बंद. म्हणून लोक वैतागायचे, म्हणून ते नाव. बाबा त्या लोकांना सांगायचे, सासू ओरडते तेव्हा कुठेतरी दूध उतू जात असतं. तिचं तोंड बांधू नका, चुलीकडे बघा.

त्या उन्हाळ्यात सासूबाई दिवसातून दोन-तीनदा ओरडायला लागल्या. तू बाईंना सांगितलंस, मला एक अख्खा दिवस द्या, मेन स्विच आणि फ्यूज खोलून बघतो. बाई म्हणाल्या, ऐन हंगामात एक तास देणार नाही. तू रोज सांगत होतास, त्या रोज नाही म्हणत होत्या. मग तुझी दाढ सुजली. मंगळवारी तू ती काढायला गेलास.

त्या मंगळवारी बाबांनी मला कारखान्यात पाठवलं. स्टार्टरची एक सुटी कॉइल दारातूनच देऊन यायची होती. देऊन परत, आत रेंगाळायचं नाही. मी सायकलवरून गेले. दारात पोचले तर आत सगळं शांत. तुला ती शांतता माहीत आहे, पंखा बंद पडल्यावर खोलीत होते तशी, फक्त फार मोठी. बाहेर मासेवाल्यांच्या सात गाड्या उभ्या, माणसं ओरडतायत, आणि बाई पॅनेलसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या. मोटर सुरू केली की दहा मिनिटांत सासूबाई बंद करत होत्या. सकाळपासून अकरा वेळा. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तू वाइंडरची मुलगी ना, मग बघ की.

वीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी 'बघ' म्हणालं होतं.

मी बघितलं. मीटर मागितला, तिन्ही वायरी मोजल्या. तिन्ही सारख्या. दोन-तीन व्होल्टचा फरक, तेवढा कुठेही असतो. मी ठरवून टाकलं की वीज ठीक आहे, फ्यूज ठीक आहेत, डबीच म्हातारी झालीय. कळलं का काय केलं मी? मोटर बंद असताना मोजलं. फ्यूजची पकड सैल असली तरी बंद मोटरीला तिन्ही वायरी सारख्याच दिसतात. ती पकड दगा देते भार आल्यावर. चालत्या मोटरीवर मोजलं असतं तर मधल्या वायरीने लगेच चुगली केली असती. आज हे मी झोपेतही सांगीन. तेव्हा मी मेन बंद केला, चार इंच लाल वायर तोडली, दोन्ही टोकं सोलली, तारा पिंजारू नयेत म्हणून आपल्या पद्धतीने दोऱ्याचे तीन वेढे आणि गाठ मारली, आणि ती वायर डबीवर आडवी जोडून दिली. म्हणजे डबीने कितीही नाही म्हटलं तरी मोटर चालणार. सासूबाईंचं तोंड मी बांधलं, दादा. तू नाही, बाबांनी नाही.

इथे दहा मिनिटं उठून फिरून आले. आता पुढचं.

मोटर लागली. बाहेरच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. वायर जोडताना बाई बाहेर गाडीवाल्यांशी भांडत होत्या; आत आल्यावर मी त्यांना म्हटलं, एक स्क्रू सैल होता तो आवळला, पण मी हात लावला हे घरी कळू देऊ नका. बाईंनी मला सरबत दिलं, त्यात लिंबाएवढा बर्फ. वायर त्या एका दिवसापुरती होती, तू आल्यावर तुला सांगणार होते. तू आलास तो गाल टम्म फुगवून, तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं. बाबा तुझी नक्कल करत होते आणि तू हातवाऱ्यांनी त्यांना शिव्या देत होतास. तू मला खुणेने विचारलंस, मोटर? मी म्हटलं चालू आहे. एवढंच. खरं सांगू, मला तो पराक्रम एक रात्र एकटीकडे ठेवायचा होता. उद्या सांगू म्हटलं. उद्या तू लवकर गेलास. परवा मला वाटलं तू पॅनेल उघडशील, बघशील आणि घरी येऊन म्हणशील, कुणी केलं हे, आणि मी ऐटीत सांगीन. पण मोटर बंद पडायची थांबली होती, मग पॅनेल उघडायला कारणच उरलं नाही. मंगळवारी संध्याकाळीच बाबा बेअरिंगला ग्रीस भरायला कारखान्यात जाऊन आले होते. तुला वाटलं त्यांनीच काहीतरी सरळ केलं असेल. पुढच्या बुधवारी भर दुपारी ती सैल पकड तुटली.

जळाली त्या वेळी मी तिथे नव्हते. मला नंतर कळलं की तू टाकीच्या दुसऱ्या टोकाला होतास, आवाज बदलला तसा झाकणांवरून धावत आलास, एक पाय डब्यात गेला, नडगी फुटली, आणि तू पोचेपर्यंत धूर आला होता. बाबांना बोलावलं. सगळ्यांसमोर पॅनेल उघडलं. ती वायर. टोकाला दोरा, तीन वेढे आणि गाठ. ही पद्धत साऱ्या गावात आपल्याच दुकानाची. बाईंनी विचारलं कुणी लावली. तू वायरीकडे बघितलंस, मग बाबांकडे, आणि म्हणालास मी लावली. बाबांनी वायर काढली, खिशात घातली आणि एवढंच बोलले:

'माझ्या हाताखाली शिकून?'

हे वाक्य मला बाईंनी, कामगारांनी, मासेवाल्यांनी, जो भेटेल त्याने ऐकवलंय. प्रत्येकाचा सूर वेगळा, शब्द तेच.

मोटर दुकानात आली. बाबा आणि मी झाकण काढलं. आत तारांचे बारा जुडगे गोल बसलेले, घड्याळाच्या आकड्यांसारखे. काळा, सोनेरी, सोनेरी. काळा, सोनेरी, सोनेरी. चार जुडगे कोळसा, बाकी आठ परवा भरल्यासारखे लख्ख. एक वायर गेली की अशा जोडणीची मोटर नेमकी अशीच जळते, दुसऱ्या कशाने जळत नाही. बाबांनी बोट फिरवत मोजलं, वहीत लिहिलं, आणि वहीकडे बघतच म्हणाले, तुझ्या दादाने सासूबाईंचं तोंड बांधलं. माझ्या हातात छिन्नी होती. बोलायची वेळ हीच होती. मी म्हटलं, व्हार्निश संपलंय, घेऊन येऊ का. आणि गेले. अर्धा डबा शिल्लक होता तरी गेले.

कारखाना नऊ दिवस बंद. साडेतीनशे डब्यांचं पाणी गटारात. बाईंनी तुला काढलं, आणि कुणीही पॅनेलजवळ उभं करू नये म्हणून गावभर सांगितलं. बाबा घरात तुझ्याशी बोलेनात. तुम्ही दोघे एकाच ताटलीतली चटणी एकमेकांकडे न बघता घेत होतात. चौथ्या दिवशी तू निघालास, मी बॅग धरून तुझ्याबरोबर बसथांब्यावर आले. बारा मिनिटं होतो आपण तिथे. तू तिथे काय बोललास ते तुला आठवतंय का माहीत नाही, मला शब्दन् शब्द पाठ आहे. तू म्हणालास:

'त्यांना काही विचारू नकोस. डोळे साथ देत नाहीत आता त्यांचे, वायर विसरले असतील. साठाव्या वर्षी त्यांचं नाव कशाला घालवायचं? मला काय, कुठेही काम मिळेल.'

म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं, दादा. तू बाबांसाठी स्वतःवर घेतलंस. दोरा बघून तुला वाटलं, मंगळवारी ग्रीस भरायला आलेल्या बाबांनीच लावली. बाबांना वाटलं, तू कबूल केलंस म्हणजे तूच लावलीस. दोघेही चुकीच्या माणसावर रागावून, चुकीच्या माणसासाठी गप्प, आणि हे माहीत असलेली अख्ख्या जगात एकटी मी, तुझ्या बॅगेचा पट्टा धरून उभी. बस वळणावर दिसली. मी विचारलं, पाणी घेतलंस का.

इथे एक उपमा सुचली होती. तीन वायरी, तिघांचं घर, एक गेली की उरलेल्या दोघी. लिहिली आणि खोडली. मोटर दहा मिनिटांत जळते, आम्ही दोघं सहा वर्षं चाललो. स्वयंपाक केला, मोटरी भरल्या, टीव्ही बघितला. असं वाईट चालतं म्हणूनच तर कळत नाही.

त्या सहा वर्षांत बाबा तुला 'तो' म्हणायचे. तू त्यांना 'ते'. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, जाऊ द्या हो, ती डबी काढून टाका, फार कटकट करते, की बाबा काम टाकून त्याला समोर बसवायचे आणि सांगायचे, माझ्या पोराने काढली होती, त्याचं काय झालं ऐका. कितीदा ऐकलं असेल मी. त्या वेळी मी चहा सांगायला बाहेर जायचे. शेवटी चहावाला म्हणाला, ताई, तुमच्याकडे फारच पाहुणे येतात. आणि तू, ज्याला बंद दाराआडून मोटरीचं दुखणं कळायचं, तू लाकडी सामानाच्या गोदामात खुर्च्या मोजतोस. मी एकदा फोनवर विचारलं, तिथे मोटर वगैरे काही नाही का. तू म्हणालास एक लिफ्ट आहे, पण मी जिन्याने जातो.

आता खरं खरं सांगते. या पत्राचे तीन कच्चे कागद मी फाडले. तिन्हींत लिहिलं होतं की मला राहवलं नाही, मी होऊन बाबांपुढे कबूल केलं. खोटं. मी पकडले गेले. गेल्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी मी एका पंपाच्या मोटरीची टोकं बांधत होते. बाबा स्टुलावर. बराच वेळ त्यांची सूचना आली नाही, म्हणून मी वर बघितलं. ते माझ्या हातांकडे बघत होते. म्हणाले, सोड ती गाठ आणि परत बांध. मी बांधली. म्हणाले, उलटी फिरवतेस. मी म्हटलं, मी डावरी आहे बाबा, विसरलात का. विसरले नव्हते. पण जन्मभर ते आपल्या कामावर वाकून आणि मी माझ्या. माझी गाठ पडताना त्यांनी कधी बघितलीच नव्हती. हात गेले आणि बसून बघायची वेळ आली, तेव्हा दिसली.

ते उठले. खालचा खण ओढला, तारेची जाडी मोजायच्या पट्ट्या असतात तो. तळातून एक कागदाची पुडी काढली. त्यात ती वायर. चार इंच, लाल, दोरा काळा पडलेला. सहा वर्षं ठेवली होती त्यांनी, कशासाठी ते मी विचारलं नाही. खिडकीशी गेले, उजेडात धरली, दुसऱ्या हातात मी नुकतंच बांधलेलं टोक. दोन्ही हात हलत होते, नजर हलत नव्हती. तुझी गाठ उजवीकडून पडते, त्यांचीही. वायरीवरची डावीकडून होती. मी वाट बघत होते की विचारतील, तू लावलीस? ते त्यांनी विचारलंच नाही. विचारलं:

'त्याला माहीत होतं?'

मी म्हटलं नाही. त्याला वाटलं, तुम्ही लावलीत.

ते म्हणाले, 'म्हणजे माझ्यासाठी गेला.'

मला वाटत होतं, ओरडावं त्यांनी, काहीतरी फेकून मारावं. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं, मागच्या शेगडीवर स्वतः चहा केला, दोन्ही हातांनी पातेलं धरून ओतला. निम्मा ओट्यावर गेला, उरला तो मला दिला. म्हणाले, मोटर तोडण्याआधी मी वहीत चार पानं लिहितो, आणि पोराला तोडताना खिशातली वायर एकदा बाहेर काढून बघितली नाही. त्याला कधी, कुठे, का, एवढंसुद्धा विचारलं नाही. मी रडले, त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, आधी बाईंकडे जा.

गेले. बर्फवाल्या बाई आता काठी घेऊन चालतात, जीभ तशीच आहे. उभ्याउभ्या सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, सहा वर्षं त्या पोराला शिव्या दिल्या मी, त्या आता परत कशा घेऊ. मग मला हाकलून दिलं. दोन दिवसांनी निरोप आला, दुपारच्या सुट्टीत ये. गेले तर त्यांनी सगळ्यांना पॅनेलसमोर गोळा केलेलं, जुने-नवे सगळे, दोन मासेवालेही. म्हणाल्या, चारचौघांत त्याचं नाव गेलं, चारचौघांत सांग. मी सांगितलं. बंद मोटरीवर मोजलं, हेही सांगितलं. टाकीवरचे म्हातारे काका म्हणाले, मला वाटलंच होतं, तो पोरगा असलं करणारा नव्हता. बाईंनी त्यांना विचारलं, मग सहा वर्षं तुमच्या तोंडात काय बर्फ होता का. यापुढे त्यांचं काम आपल्याकडे येईल असं वाटत नाही. दारापर्यंत सोडायला मात्र आल्या. स्वतः उशीर केला तेही बोलून दाखवलं, एक दिवस मागत होता तो, दिला असता तर. तुला सांग असं म्हणाल्या नाहीत, पण मी सांगतेय.

फोन का नाही केला, तर फोनवर तू 'जाऊ दे' म्हणाला असतास आणि मला ते फार सोपं झालं असतं. टपालाने का नाही, ते आता लिहिते, आणि यासाठीच हे सगळं लिहिलं. पाकीट तुझ्या हातात देणारा ड्रायव्हर तुमच्याकडे लाकडी सामान घेऊन येतो, हे बाबांनीच चार ठिकाणी विचारून शोधून काढलं. मी वाचून दाखवीन म्हटलं, नको म्हणाले. तूच लिही, जसं झालं तसं, त्याला कुणी समोर नसताना वाचू दे, माझं तोंड बघून त्याने माफ करायला नको. तर गाडी तुझ्या गोदामाच्या फाटकाबाहेर उभी असेल, भिंतीच्या सावलीत, आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बाबा आहेत. पहाटे उठून दाढी केलीय, हनुवटीला दोन ठिकाणी कापून घेतलंय, पण मला हात लावू दिला नाही. ड्रायव्हरला त्यांनी बजावलंय की वाचून तो बाहेर आला नाही तर माल उतरव आणि गाडी वळव, मी मनाला लावून घेणार नाही. लावून घेतील. पण तसं म्हणालेत. माझ्यासाठी मी काही मागत नाही, मला काय बोलायचं ते तू सावकाश ठरव, महिना लाव, वर्ष लाव, मी इथेच आहे. पण बाबा तिथे खाली बसलेत, आणि त्या बाजूच्या दाराची आतली मूठ तुटलीय, ड्रायव्हर दुरुस्त करतो करतो म्हणतोय. ते दार बाहेरूनच उघडावं लागतं.

तुझीच,
धाकटी